आपण हरलो

आयुष्यात फुटबॉलचा सामना मी मैदानावर जाऊन एकदाच पाहिला, आणि त्यात आपण हरलो.

'आपण' हा शब्द वाचून वाचकांनी दचकू नये. सामना झाला तो स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथ नावाच्या गावी. खेळणाऱ्या बावीस जणांपैकी एकाचाही माझ्याशी, किंवा माझ्या सात पिढ्यांशी, काडीचा संबंध नव्हता. ज्या संघाच्या बाजूने मी त्या थंडीत दोन तास उभा राहिलो, त्याचे नावदेखील आठवडाभर आधी मला ठाऊक नव्हते. तरीही 'ते हरले' असे लिहायला माझी लेखणी तयार होत नाही. आपणच हरलो. हा 'आपण' माझ्या तोंडी कसा आला, ते सांगण्यासाठीच हा सारा खटाटोप.

माझी थोरली बहीण कर्कॉडीला असते. एडिंबरोहून फोर्थची खाडी ओलांडली की पलीकडच्या किनाऱ्यावर हे गाव लागते. अर्थशास्त्राचे आद्य आचार्य ॲडम स्मिथ १७२३ साली इथेच जन्मले, आणि एके काळी जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमसाठी हे गाव जगभर प्रसिद्ध होते. गावाचे नाव इंग्रजीत लिहिताना मधे एक 'ल' येतो. तो कोणी उच्चारत नाही. मी तो एडिंबरोच्या तिकीट-खिडकीवर मोठ्या निष्ठेने उच्चारला, तेव्हा मला नक्की कोणत्या देशाला जायचे आहे हे आतल्या बाईंना कळेना. शेवटी मी तो 'ल' गिळला, आणि तिकीट मिळाले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजला दिवाळीची सुटी लागायची होती. ताईचा फोन आला. म्हणाली, "अरे, तू शेकडो पोरांना मराठी शिकवतोस. माझ्या एका पोराला शिकव की!" मी चकल्यांचा डबा आणि 'बालभारती'ची पहिली दोन पुस्तके बॅगेत घातली आणि निघालो.

भाचा अकरा वर्षांचा. जन्म तिथलाच. पाणी, पोळी, भात, नको, बास, झोप, आणि ताईच्या कृपेने 'गाढव', एवढी त्याची मराठी शब्दसंपत्ती. पोळीची त्याच्या तोंडी 'पोली' होई. थोडक्यात म्हणजे आपली भाषा त्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबली होती. उंबऱ्याबाहेर सगळा कारभार इंग्रजीत, आणि तोही अशा स्कॉटिश वळणाच्या इंग्रजीत की मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावे लागे.

पहिल्याच रात्री ताईने एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी ती त्याला शाळेतून आणायला जायची. फाटकातूनच हाक मारायची, "चल रे, उशीर झाला!" एक दिवस घरी येताना तो हळूच म्हणाला, "आई, ते घरी बोलत जा ना." ताई हे हसत हसतच सांगत होती. पण सांगताना तिच्या हातातला सोऱ्या मात्र थांबला होता.

मी त्यावर काही बोललो नाही. बोलायला मला तोंडही नव्हते. विमानात शेजारच्या गृहस्थांनी मला विचारले होते, "काय शिकवता?" मी म्हणालो होतो, "साहित्य." कोणत्या भाषेचे ते मी सांगितले नाही. कर्कॉडीतल्या 'ल'सारखी मी मराठी सोयीस्करपणे गिळून टाकली होती. अकरा वर्षांच्या पोराला मी कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

शिकवणी चार दिवस चालली. चौथ्या दिवशी गाडी 'आम्ही' आणि 'आपण' या दोन शब्दांपाशी अडली. इंग्रजीत दोहोंना शब्द एकच. मी सांगितले, "'आम्ही जेवलो' म्हटलं की ऐकणारा त्यात नाही. 'आपण जेवलो' म्हटलं की तोही त्यात आला." त्याने विचारले, "पण दोन शब्द कशाला?" मी म्हणालो, "ऐकणारा आपल्यातला आहे की बाहेरचा, ते त्याला लगेच कळावं म्हणून." त्यावर तो क्षणभर विचार करून म्हणाला, "हे फार उर्मट आहे," आणि त्याने पुस्तक मिटले. वीस वर्षांच्या अध्यापनात माझ्या विषयावर इतका नेमका अभिप्राय मला कोणी दिला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारचे आजोबा आले. लिनोलियमच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते आणि माझा भाचा दोघेही रेथ रोव्हर्स या गावच्या संघाचे भक्त. संघ परगावी खेळायला गेला की हे दोघे त्याच्या मागोमाग जायचे. पण आता आजोबांचा गुडघा सुजला होता, आणि दुसऱ्या दिवशी तर आर्ब्रोथला सामना. मेव्हण्यांची इस्पितळात पाळी. तेव्हा मामाने जावे, असा ठराव माझ्या गैरहजेरीतच पास झाला होता.

मला सामन्याची पूर्वपीठिका माहीत असावी म्हणून आजोबांनी संघाचा इतिहास सांगितला. त्यांची सांगण्याची तऱ्हा आपल्याकडच्या वारकऱ्यासारखी, म्हणजे देवाने कधी काय दिले एवढेच सांगायचे, आणि कधी दिले नाही ते सोडून द्यायचे. संघ १८८३ सालचा. १९२३ साली हा संघ कॅनरी बेटांकडे निघाला असता स्पेनच्या किनाऱ्यापाशी त्यांची आगबोट खडकावर चढली, पण सगळे खेळाडू सुखरूप वाचले. १९३७-३८च्या हंगामात लीगच्या ३४ सामन्यांत संघाने १४२ गोल केले. १९९४ साली लीग कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिकसारख्या बलाढ्य संघाला त्यांनी पेनल्टीवर हरवले. आणि पुढच्याच वर्षी, १९९५ साली, म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खुद्द बायर्न म्युनिकविरुद्ध मध्यंतराला रेथ रोव्हर्स एका गोलने पुढे होते.

"आणि मग?" मी विचारले.

"मग काय, हरलो," आजोबा म्हणाले. "पण मध्यंतरातल्या त्या धावफलकाचा फोटो आहे."

मला ते गृहस्थ एकदम आवडले. आयुष्यात मध्यंतरापर्यंत पुढे असण्याचे भाग्य तरी किती जणांना लाभते, आणि लाभले तर त्याचा फोटो कोण काढून ठेवतो?

जाताना त्यांनी आपला निळापांढरा मफलर माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, "उद्या बहुतेक हरणारच. पण तिथे आवाज लागतो. तुम्हाला ओरडता येतं ना?" मी म्हणालो, "मी प्राध्यापक आहे. शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज जातो." ते म्हणाले, "ते बोलणं झालं. मी ओरडण्याचं विचारतोय."

शनिवारी सकाळी ताईने पिशवीत चकल्या, चिवडा आणि करंज्या भरून दिल्या, आणि आम्ही गाडीत बसलो. तास-सव्वा तासाचा प्रवास. गाडीत निळेपांढरे मफलर बरेच दिसत होते. भाचा मला एकेक गोष्ट समजावून देत होता. गेला आठवडाभर मी गुरू होतो, आता तो झाला. मी मात्र बोलताना "तुमचा संघ", "तुमचा गोलरक्षक" असेच म्हणत होतो. पाहुण्याने यजमानाच्या घरातल्या वस्तूंविषयी बोलावे तसे.

डंडी शहराच्या अलीकडे टे नदीचे विस्तीर्ण मुख लागते. त्यावरचा रेल्वेचा पूल तीन किलोमीटरांहून लांब आहे. पुलाला लागूनच पाण्यातून डोके वर काढलेल्या दगडी खांबांच्या बुंध्यांची एक रांग दिसली. हे पहिल्या पुलाचे अवशेष. १८७९ सालच्या २८ डिसेंबरला वादळात तो पूल कोसळला आणि त्या वेळी त्यावर असलेली गाडी सगळ्या उतारूंसकट नदीत गेली. नवा पूल १८८७ साली झाला. भाचा म्हणाला, "वारा आजही तसाच आहे." ही माहिती त्याने पूल संपल्यावर दिली असती तरी चालले असते.

आर्ब्रोथला उतरल्यावर पहिल्यांदा आला तो धुराचा वास. इथले लोक हॅडॉक मासा मीठ लावून, दोन-दोनांच्या जोडीने शेपट्यांशी बांधून, लाकडाच्या धगीवर धुरवतात. त्याला 'स्मोकी' म्हणतात. कोकणातल्या माणसाने त्या गल्लीतून डोळे मिटून चालावे आणि घरी आल्याचा भास करून घ्यावा. गावात लाल दगडाच्या एका जुन्या मठाचे भग्नावशेष आहेत. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची कैफियत मांडणारे, १३२० साली पोपला पाठवलेले प्रसिद्ध पत्र याच मठाच्या नावाने ओळखले जाते. पण मठ पाहायला आम्हाला वेळ नव्हता. आम्ही मैदानाकडे निघालो.

मैदानाचे नाव गेफील्ड. मी मैदान शोधत होतो आणि मला समुद्रच दिसत होता. मैदानाच्या भिंतीला लागून रस्ता, रस्त्यापलीकडे उत्तर समुद्र. भरतीच्या वेळी वादळ असले तर लाटांचे पाणी भिंतीवरून आत येते म्हणतात. आमच्या वेळी पाणी आले नाही. पण वारा आला, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बसला नाही. आम्हीही बसलो नाही, कारण आमच्या वाट्याला उभे राहायच्या पायऱ्या आल्या होत्या. डोक्यावर पत्र्याचे छप्पर होते. त्याचा उपयोग मुख्यत्वे वाऱ्याला वाजवायला होत होता.

त्या पायऱ्यांवर भाच्याने मला या मैदानाची कीर्ती सांगितली. १८८५ सालच्या १२ सप्टेंबरला स्कॉटिश कपच्या सामन्यात आर्ब्रोथने ॲबर्डीनच्या बॉन अकॉर्ड संघावर ३६ गोल चढवले. बॉन अकॉर्डचा गोल एकही नाही. त्यांतले तेरा गोल जॉन पेट्री या एकट्या तरुणाचे. त्या दिवशी आर्ब्रोथच्या गोलरक्षकाला चेंडूला हात लावायची वेळच आली नाही, आणि तो पावसात एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा होता, अशीही दंतकथा आहे. ब्रिटनच्या वरिष्ठ फुटबॉलमध्ये एवढा मोठा विजय पुढे कोणाला मिळालेला नाही. गंमत म्हणजे त्याच दिवशी जवळच्या डंडीत हार्प नावाच्या संघाने ॲबर्डीनच्याच दुसऱ्या एका संघावर ३५ गोल केले होते.

सगळे लोक पेट्रीची आठवण काढतात. माझ्या मनात मात्र वेगळाच विचार आला. बॉन अकॉर्डबरोबर ॲबर्डीनहून त्यांचा कोणी पाठीराखा आला असेल का? दहावा गोल झाल्यावर तो काय म्हणाला असेल? विसाव्यानंतर? परतीच्या गाडीत त्या अकरा जणांशी तो काय बोलला असेल? जिंकणाऱ्याच्या मागे जायला माणसे मिळतातच. परक्या गावी, पावसात, छत्तिसावा गोल होईपर्यंत जो उभा राहिला, त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. पण तो असेल तर त्या संघाला संघ म्हणायला काही आधार उरतो.

तीनच्या ठोक्याला शिट्टी झाली. आमच्या गोलरक्षकाने चेंडू उंच मारला. चेंडू पुढे गेला, वर गेला, क्षणभर आकाशात विचार करत थांबला, आणि परत आला. वारा पहिल्या डावात आमच्या विरुद्ध होता. मी हात खिशात घालून सभ्यपणे उभा होतो. आजूबाजूला दोन-तीनशे निळेपांढरे मफलर एका सुरात गात होते. माझ्या घशातून आवाज फुटेना. आजोबांना दिलेला शब्द आठवून मी एकदा तोंड उघडले, पण इंग्रजीत काय ओरडावे तेच सुचेना. इंग्रजीत मी निबंध लिहू शकतो, अर्ज लिहू शकतो, दिलगिरी व्यक्त करू शकतो. ओरडू शकत नाही.

मध्यंतरापूर्वी थोडा वेळ असताना आमच्या एका खेळाडूला डाव्या अंगाने चेंडू मिळाला. समोर मोकळे रान. आणि हा पठ्ठ्या चेंडूवर पाय ठेवून शांतपणे उभा!

"अरे, पळ की! बघतोस काय गाढवा!"

हा आवाज माझा होता, हे मला थोड्या वेळाने कळले. लहानपणी वाड्याच्या अंगणात खेळताना मी असा ओरडत असे. त्यानंतर तीस वर्षे तो आवाज कुठे होता कोण जाणे.

दोन-तीनशे माणसांनी माझ्याकडे वळून पाहिले नसेल, पण वीस-पंचवीस जणांनी नक्कीच पाहिले. मी भाच्याकडे पाहिले. मला त्याच्या शाळेचे फाटक आठवले. पोर मान खाली घालणार, असे वाटून माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या पायरीवर थर्मास घेऊन उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंनी वळून त्यालाच विचारले, "काय म्हणाले रे हे?"

तो एक क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "पळ म्हणतायत त्याला. आणि गाढव म्हणाले."

"बरोबर बोलले," बाई म्हणाल्या. "कसं म्हणायचं ते?"

मध्यंतरात आम्ही ताईची पिशवी उघडली. त्यांचा मटणाचा पाय आणि आमच्या चकल्या यांची देवघेव झाली. चिवड्याचा कागद हातोहात पुढच्या तीन पायऱ्या फिरून रिकामा परत आला. चार वाजले, अंधार पडला, खांबांवरचे दिवे लागले. दुसऱ्या डावात वारा आमच्या बाजूला आला, आणि थर्मासवाल्या बाईंनी एकदम आरोळी ठोकली, "पल!"

"पल नाही," माझा भाचा म्हणाला. "पळ. जीभ मागे घ्यायची. ळ. पळ."

मी कान टवकारले. चार दिवस 'बालभारती' पुढ्यात धरून ज्याच्या तोंडून मला एक 'ळ' काढता आला नव्हता, तो मुलगा आर्ब्रोथच्या पायऱ्यांवर उभा राहून पाच-सहा स्कॉटिश माणसांना 'ळ' शिकवत होता. आणि त्याचा स्वतःचा 'ळ' स्वच्छ, खणखणीत होता. शिकवताना चुकून चालत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. नंतर तो स्वतःच ओरडू लागला. "पळ! अरे, पळ की!" त्या वाऱ्यात, त्या दिव्यांखाली, सगळ्यांच्या देखत. मीही ओरडलो. दोघेही ओरडलो.

आम्ही हरलो. किती गोलांनी ते सांगत नाही; पराभूतांची तेवढी अब्रू वाचकांनी राखावी. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आमचे खेळाडू माना खाली घालून उभे होते. मग ते हळूहळू आमच्या बाजूला आले आणि आमच्याकडे पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटले, हे उलट झाले. खेळले ते, आणि टाळ्या आम्हाला? भाचा म्हणाला, "आपण लांबून आलो ना, म्हणून." हे तो इंग्रजीत म्हणाला. मराठी मी मनातल्या मनात केले.

बाहेर पडलो तेव्हा समुद्र काळा झाला होता. दूर पाण्यात एक दिवा उघडझाप करत होता. किनाऱ्यापासून अठरा किलोमीटरांवरच्या बुडत्या खडकावर रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेले बेल रॉकचे दीपगृह. १८११ सालापासून तो दिवा तिथे आहे. भाचा बराच वेळ तिकडे पाहत राहिला.

परतीच्या गाडीत कोणी फारसे बोलत नव्हते. टेच्या पुलावर गाडीची चाके घुमू लागली. भाचा खिडकीला डोके टेकून बसला होता. मला वाटले, झोपला. तेवढ्यात तो काचेकडे पाहतच म्हणाला,

"मामा, आपण हरलो."

मराठीत. मी काही बोललो नाही. व्याकरण बरोबर आहे एवढे म्हणण्याची सवय अनावर झाली होती, पण ती आवरली. फक्त मफलर जरा घट्ट केला.

घरी ताईने दार उघडले. तो बूट काढता काढता म्हणाला, "आई, आम्ही हरलो." ताई त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागली. पोर हरून आले आहे आणि भाऊ हसतो आहे, याचा मेळ तिला लागेना. ती आमच्याबरोबर नव्हती. तिला 'आम्ही'च म्हणायला हवे. चार दिवसांच्या शिकवणीत जे पोहोचले नव्हते, ते आर्ब्रोथच्या वाऱ्याने पोहोचवले होते.

मग आम्ही शेजारी मफलर परत करायला गेलो. आजोबा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. त्यांनी इंग्रजीत विचारले की, काय झाले आपले? इंग्रजीत तो शब्द एकच. भाचा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मामा, हे म्हणतात ते 'आम्ही' की 'आपण'?"

"आपण," मी म्हणालो. माझा आवाज पार बसला होता. तो ऐकून आजोबांनी निकाल विचारलाच नाही. समाधानाने मान हलवली, आणि मफलर परत घेतला नाही.

आठ दिवसांनी मी परत निघालो. विमानात शेजारी बसलेल्या बाईंनी विचारले, "काय शिकवता?"

"मराठी," मी म्हणालो. घसा अजून बरा झाला नव्हता, म्हणून दोनदा सांगावे लागले.